जुन्या सायकलचा बिल्ला गेलाय? कंपनी ओळखताना या चुका टाळा

विदर्भात जुना वाडा रिकामा होत असला की गोठ्यातून नाहीतर कापसाच्या कोठीतून एखादी काळी, जड, रॉड ब्रेकची सायकल निघतेच. समोरचा बिल्ला गायब, वर ब्रशने मारलेला हिरवा किंवा निळा रंग. घरचे सांगतात, "आबाजींची रॅले आहे, विलायती." असेलही, रॅले ही इंग्लंडची कंपनी. पण गावाकडे त्या काळी कुठलीही चांगली सायकल रॅलेच म्हणवली जायची, म्हणून नावावर जाऊ नका. फ्रेमला विचारा.

आधी घासू नका

सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं. सायकल मिळाली की ती थेट वेल्डिंगवाल्याकडे जाते, ग्राइंडर फिरतो आणि तासाभरात फ्रेम चकाचक होते. त्याबरोबर कंपनीच्या खुणाही जातात. समोरच्या नळीवर बिल्ला जिथे होता तिथे जुन्या रंगावर त्याच्या आकाराची सावली राहिलेली असते, कधी लांबट, कधी ढालीसारखी. रिव्हेटची भोकं असतात. ती उभी आहेत की आडवी, दोन आहेत की चार, हे बघा आणि एका मध्यापासून दुसऱ्या मध्यापर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. वेगवेगळ्या कंपन्यांच्या बिल्ल्यांची भोकं वेगवेगळ्या जागी असायची, त्यामुळे ओळखीच्या बिल्ल्याशी ताडून बघता येतं.

मूळ रंग शोधायचा तर चिमट्याच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या, वरच्या नळीवर, समोरच्या नळीच्या (हेडच्या) आत किंवा एक्सलच्या नळीच्या, म्हणजे पायडलचा एक्सल जिच्यातून जातो तिच्या, बुडाशी शोधा. ब्रश तिथपर्यंत पोचत नाही.

कंपनीने फ्रेमवर ठोकलेल्या नंबरासाठी दोन जागा पक्क्या तपासा: सीटच्या नळीचा वरचा जोड आणि एक्सलच्या नळीचं बूड. आपल्याकडे बुडाशी काळी माती आणि ग्रीस मिळून दगडासारखा थर बसलेला असतो. त्यावर रॉकेलमध्ये भिजवलेली चिंधी रात्रभर बांधून ठेवा. सकाळी बांबूच्या कामटीने थर खरवडा, मग जुना टूथब्रश फिरवा. अंक पुसट असतील तर अंधारात टॉर्च अगदी आडवी धरा. समोरून न दिसणारा आकडा सावलीत उठतो. तरी नाही दिसला तर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिल घासा. पॉलिश पेपर मात्र लावू नका, ठोकलेला अंक फार खोल नसतो.

सामान म्हणजे सायकल नव्हे

चेनच्या चाकात बीएसए हे इंग्लिश कंपनीचं नाव कोरलेलं दिसलं की सायकल बीएसएची, हा समज घट्ट बसला आहे. पण बीएसए आपलं सामान इतर सायकलवाल्यांनाही विकायची. स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब (मागच्या चाकाचा मधला भाग) आणि ब्रूक्सची सीटही कितीतरी कंपन्या वापरत. शिवाय चाळीस-पन्नास वर्षांत चाकं बदलतात, मडगार्ड बदलतात, पायडल तर बदलतातच. स्टर्मी-आर्चरच्या हबवर बहुधा सालाचे दोन आकडे ठोकलेले असतात. ते साल हबचं. चाक मूळचंच असेल तरच ते सायकलला लागू होतं.

काही खुणा मात्र वजनदार आहेत. रॅलेच्या चेनचाकात बगळे कापलेले असतात, रज या इंग्लिश कंपनीच्या चाकात हाताचा पंजा, हंबर या दुसऱ्या इंग्लिश कंपनीच्या चाकात माणसांच्या आकृत्या. हंबरच्या चिमट्याची प्रत्येक बाजू दोन बारीक नळ्यांची असते. चिमटा चेनचाकाइतका सहज बदलत नाही, त्यामुळे मी चेनचाकापेक्षा त्यावर जास्त भरवसा ठेवतो. तरीही एक खूण म्हणजे पुरावा नाही. दोन-तीन खुणा एकाच दिशेला जायला हव्यात.

कप बसत नसेल तर हातोडा उचलू नका

एक्सलचा कप, म्हणजे छर्रे बसतात ती आट्यांची वाटी, खराब निघाला, बाजारातून नवा आणला आणि तो दोन फेरे जाऊन अडला, तर त्या अडण्यातच माहिती आहे. बहुतेक इंग्लिश कंपन्या तिथे इंचाला 24 आटे ठेवत, रॅले 26 ठेवायची. आट्यांचा गेज नसेल तर जुन्या कपावर पट्टी धरून अर्ध्या इंचात किती आटे येतात ते मोजा: 12 की 13. कप जबरदस्तीने फिरवला तर आटेही जातात आणि ही खूणही.

यातही घाई नको. रॅलेने 1932 मध्ये हंबरचा आणि 1943 मध्ये रजचा सायकल धंदा घेतला. त्यामुळे 26 आट्यांवरून फार तर घराणं कळतं, नाव नाही.

प्रत्येक आकडा कंपनीचा नसतो

तासाने सायकल भाड्याने देणारी दुकानं एकेकाळी प्रत्येक बाजारगावात होती. ती आपले नंबर मडगार्डवर रंगवत आणि कधी फ्रेमवर ठोकतही. दोन-तीन अंकी, वाकडातिकडा ठोकलेला आकडा दिसला तर आधी हा संशय घ्या. नगरपालिकेच्या सायकल कराचा पितळी किंवा अॅल्युमिनियमचा टोकन लटकत असेल तर काढून फेकू नका. त्यावरचं साल सायकल बनल्याचं नाही, पण त्या साली ती रस्त्यावर होती एवढं नक्की सांगतं.

देशी निघाली म्हणून हिरमुसू नका

बारकाईने बघितल्यावर बऱ्याच "विलायती" सायकली इथल्याच निघतात. आसनसोलची सेन-रॅले, मद्रासजवळच्या अंबत्तूरला टीआय (ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स) कंपनीने बनवलेली हर्क्युलस, मुंबईतल्या वरळीची हिंद, सोनीपतची अॅटलस. सेन-रॅलेचा वाण थेट इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमच्या रॅलेचा, म्हणून ती हमखास फसवते. तिचा नंबर इंग्लंडच्या यादीत शोधून साल ठरवणं चूकच. हिंद आणि सेन-रॅलेचे कारखाने कधीच बंद पडले. त्यांच्या सायकली आपण रॅले म्हणून रंगवत बसलो तर त्यांची ओळख आपल्याच हाताने पुसली जाईल, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

एवढं करूनही नाव पक्कं होत नसेल तर बाजारातला नवा रॅलेचा बिल्ला आणून रिव्हेट मारू नका. नव्या भोकांनी जुनी भोकं बिघडतात. नंबर, भोकांचं अंतर, आटे, चिमट्याचा आकार, सीटच्या दांडीची जाडी, रिमवरची अक्षरं असं सगळं एका कागदावर लिहा, फोटोंसोबत ठेवा आणि समोरची नळी तशीच मोकळी राहू द्या. सायकल मात्र छर्रे-ग्रीस बदलून खुशाल चालवा. त्यासाठी नाव लागत नाही.