घरातल्या साखरेची खातेवही कशी मांडायची

चोपडा तालुक्यातल्या एका जिनिंगमध्ये मी बावीस वर्षं हिशेब लिहितो. गाठी किती, घट किती, हमाली किती, सगळं रोजच्या रोज. पण आबांच्या शुगरवर घरातून किती जातं, हे कुणी विचारलं असतं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

२०१९ च्या मे महिन्यात ते शोधावं लागलं. आखाजी (अक्षय्य तृतीया) नुकतीच झालेली. गच्चीवर उडदाचे पापड वाळत होते, वावटळ आली म्हणून आबा अनवाणीच वर धावले. संध्याकाळी आईनं पाय पाहिला तर तळव्याला अन् बोटांना टम्म फोड. "माले तं काही समजनं नही," आबा म्हणाले. आमच्याकडची मे महिन्याची गच्ची, पापडसुद्धा तासाभरात कडक होतो, अन् माणसाला कळलं नाही! शुगरनं पायाच्या नसा बधिर करून टाकल्या होत्या.

अकरा आठवडे ड्रेसिंग, शेवटी एक बोट काढलं. पावत्या पिशवीतून काढून जोडल्या तर १,३८,००० च्या वर गेल्या. त्याआधी नऊ वर्षं घेतलेल्या गोळ्यांचे, महिना ३५० प्रमाणे, झाले होते ३७,८००. त्या दिवशी वही घातली. तुम्हीही घाला, साधी दोनशे पानी चालते.

पहिल्या पानावर घरातल्या तिशीपुढच्या सगळ्यांची नावं. ज्याला काही होत नाही, त्याचंही. उपकेंद्रात ३० वर्षांवरच्यांचं बीपी अन् शुगर फुकट तपासतात, तिथून सुरुवात करा. पुढे 'तीन महिन्यांची साखर' म्हणतात ती एचबीए१सी करून आकडा नावासमोर लिहा. ६.५ किंवा जास्त आली तर डॉक्टर पुन्हा तपासून मधुमेह नक्की करतात. ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठ्यावर. माझी ६.१ आहे. गरोदरपणात जिची शुगर वाढली होती, तिच्या नावापुढे लाल फुली मारा. बाळंतपणानंतर शुगर उतरली तरी पुढे धोका राहतो, तपासणी सोडायची नाही.

उंबरठ्यावरचे किती? आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३ मध्ये आलेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेही १०.१ कोटी निघाले अन् उंबरठ्यावरचे १३.६ कोटी. म्हणजे घरात शिरलेल्यांपेक्षा दारात उभे जास्त. त्याच पाहणीत खेड्यातलं प्रमाण ८.९ टक्के, शहरात १६.४. ज्या गावात विशीवरचे दोन हजार लोक, तिथे खेड्याच्या हिशेबानं १७८ पेशंट. आता गावात डॉक्टर किती, ते तुम्हीच मोजा.

दुसऱ्या पानावर चालू खर्च: गोळ्या, शुगर मोजायच्या पट्ट्या, तपासण्या. जनऔषधी केंद्रातून त्याच घटकाची गोळी स्वस्त पडते, फक्त बदल डॉक्टरांना दाखवून करा. मग पुढची वर्षं मांडा. खर्च दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढतो असं धरलं तर नऊ वर्षांत दुप्पट होतो. आज महिना ७०० असेल तर अठरा वर्षांनी २८००. गोळ्या तेवढ्याच राहिल्या तर, बरं का. सहसा वाढतात.

तिसरं पान लोक टाळतात. माझ्या मते वही घालायची ती याच पानासाठी. वर लिहा: किडनी गेली तर. डायलिसिस आठवड्याला तीनदा, वर्षाला १५६ फेऱ्या. सरकारी योजनेत उपचार फुकट होतील, पण सोबतीच्या माणसाचं काय? दोघांचं जाण्यायेण्याचं भाडं २४० धरा, सोबत्याची बुडालेली रोजंदारी ३००. झाले ८४,२४०, तेही दवाखान्याला एक रुपया न देता. हे भाडं अन् मजुरी बहुतेक घराच्याच खिशातून जाते.

त्यासमोर, त्याच पानावर, वर्षातून एकदाच्या तपासण्या लिहा: किडनीसाठी लघवीतलं अल्ब्युमिन अन् रक्तातलं क्रिएटिनिन, थेंब टाकून डोळ्याचा पडदा (त्या दिवशी मोटरसायकल दुसऱ्याला चालवू द्या) अन् पाय बधिर झालाय का ते बघायला नायलॉनची बारीक तार टेकवून होणारी तपासणी. आमचे सगळे मिळून तीन हजारांच्या आत बसतात. आबांच्या नऊ वर्षांत ती तार एकदाही कुणी टेकवली नव्हती. आम्हीही विचारलं नव्हतं.

विम्याचं एकच सांगतो. आजार लपवून पॉलिसी घेऊ नका. आधीच्या आजारासाठी थांबायची मुदत २०२४ पासून जास्तीत जास्त ३ वर्षं आहे, तेवढी थांबा. खोटं लिहिलं की ऐन वेळी क्लेम अडकतो.

खाण्यावर मी बोलत नाही. केळीच्या मुलखात केळं बंद करा म्हणणारा डॉक्टर टिकत नाही, अन् बट्टीवरचं तूप कुणी मोजून घेत नाही. आमच्याकडे कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी रोज अन् आखाजीचे मांडे आखाजीलाच, एवढंच जमलंय. उंबरठ्यावरच्यांनी मात्र आठवड्याला दीडशे मिनिटं चालायचं अन् वजन थोडं उतरवायचं. माझं दोन किलो उतरलं, पितृपक्षात दीड परत आलं.

शेवटच्या पानावर महिन्याच्या तारखांचे चौकोन आखा, पायांसाठी. रात्री आबा दाढीचा आरसा तळव्याखाली धरतात, माझा मुलगा टॉर्च मारतो, भेग, फोड, लाली बघतो अन् चौकोनात खूण करतो. आरशाचे ६० रुपये दुसऱ्या पानावर लिहिलेत. गेल्या महिन्यात सहा चौकोन कोरे राहिले. मुलगा म्हणतो, मॅच होती.