कमोडोर ६४ चा पॉवर सप्लाय बदलायचाय? आधी ही तयारी करा

कमोडोर ६४ या १९८० च्या दशकातल्या घरगुती कॉम्प्युटरचा मूळ पॉवर सप्लाय पूर्ण बंद पडला असेल तर नशीब समजा. वाईट प्रकार वेगळाच: आतला ५ व्होल्टचा रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) शॉर्ट होतो, सप्लाय चालूच राहतो आणि व्होल्टेज वर चढतं. ५.२५ च्या पुढे गेलं की मेमरी चिप्स धोक्यात. म्हणून संशय येताच प्लग काढा, 'एकदा लावून बघू' म्हणू नका. बरेचसे मूळ डबे आतून इपॉक्सीने भरलेले असतात. उष्णता कोंडते आणि रेग्युलेटर जातो. तो डबा फोडून दुरुस्त करण्यात अर्थ नाही. केबल अजून मऊ असेल तर प्लगसकट कापून ठेवा, कामाला येईल.

या मशीनला दोन वेगवेगळे पुरवठे लागतात: ५ व्होल्ट डीसी आणि ९ व्होल्ट एसी. ९ व्होल्टच्या जागी डीसी अ‍ॅडॅप्टर चालत नाही, कारण जुन्या बोर्डांवर त्या एसीपासूनच १२ व्होल्ट तयार होतात आणि आतल्या घड्याळाचे ठोकेही तिच्यावरच पडतात. तेव्हा ५ व्होल्ट, ३ अँपिअरचं बंदिस्त एसएमपीएस मॉड्यूल (मेन्सवरून थेट डीसी देणारा तयार सप्लाय) घ्या, शक्यतो व्होल्टेज जुळवायचा स्क्रू असलेलं. सोबत ९ व्होल्टचा, १२ ते १५ व्हीएचा ट्रान्सफॉर्मर. शिवाय ७ पिनांचा, २७० अंशांचा डिन प्लग (गोल, पिना कमानीत असलेला) आणि तसंच एक जादा सॉकेट, ०.७५ चौरस मिमीची चार तारांची केबल, मेन्सच्या वाटेवर ५०० मिलिअँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज, श्रिंक ट्यूब, केबल घट्ट धरणारा ग्लँड आणि हवा खेळेल असा डबा. डबा धातूचा असेल तर अर्थ जोडणं सक्तीचं. ५.५ व्होल्टच्या आसपास पुरवठा तोडणारं संरक्षक सर्किट मिळालं तर जरूर बसवा. जुना सप्लाय वापरायचाच असेल, तर त्याशिवाय नकोच.

सोल्डरिंग करताना प्लग त्या जादा सॉकेटमध्ये खुपसून ठेवा. तापलेलं प्लॅस्टिक मऊ होतं आणि पिन तिरक्या होतात, सॉकेट त्यांना जागेवर धरून ठेवतं. पिन २ ग्राउंड, ५ वर +५ व्होल्ट, ६ आणि ७ वर एसी. सोल्डरची बाजू समोरच्या बाजूच्या आरशातल्या प्रतिमेसारखी असते, म्हणून आकृतीवर विसंबू नका, प्लगवर कोरलेले आकडे भिंगातून वाचा. एसीचं कुठलंही टोक ग्राउंडला जोडू नका. मशीनच्या आत ब्रिज रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारी चार डायोडांची जोडणी) आहे, त्याचा एक डायोड शॉर्ट होईल.

कॉम्प्युटर दूर ठेवूनच पहिली चाचणी. प्लग मेन्सला लावण्याआधी मेन्सच्या दोन्ही पिना आणि डिन प्लगच्या पिना यांच्यात, तसंच एसी आणि ग्राउंड यांच्यात कंटिन्युइटी (थेट जोडणी) नाही ना, ते मीटरने तपासा. मग २ आणि ५ मध्ये ४.७ ओहमचा, १० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर जोडा. त्यातून एक अँपिअरहून थोडा जास्त प्रवाह जातो, साधारण मशीन खेचते तेवढाच. तो चटका बसेल इतका तापतो, म्हणून फरशीच्या तुकड्यावर ठेवा. भाराखाली ५.१ व्होल्ट जुळवा, पंधरा मिनिटं राहू द्या आणि पुन्हा मोजा. आकडा सरकत असेल तर मॉड्यूल बदला. विनाभार मोजलेल्या ५ व्होल्टवर भरवसा नको, मरायला टेकलेला सप्लायही तेवढे दाखवतो. ६-७ मध्ये मात्र विनाभार १०-११ व्होल्ट एसी दिसले तरी घाबरू नका, भार आला की ते उतरतात.

आता मशीन. कार्ट्रिज, ड्राइव्ह, कॅसेट सगळं काढा, फक्त टीव्ही राहू द्या. आतला १.५ अँपिअरचा फ्यूज आधी मीटरने तपासा: तो गेला असेल तर जुन्या बोर्डावर लाल दिवा लागतो, पण पडदा काळाच राहतो, आणि दोष विनाकारण नव्या सप्लायवर येतो. फ्यूज ठीक असूनही पडदा काळा असेल तर मेमरी चिप्सवर जपून बोट ठेवा. एखादी बाकीच्यांपेक्षा फारच गरम लागली तर जुन्या सप्लायने तिचा बळी घेतलेला असण्याची शक्यता मोठी.

चित्र आलं तरी बोर्डावरचं व्होल्टेज मोजाच. ४१६४ या मेमरी चिपवर +५ व्होल्ट ८ व्या पिनवर आणि ग्राउंड १६ व्या पिनवर असतं, नेहमीच्या चिप्सच्या अगदी उलट. तिथे ४.९ च्या खाली मिळत असेल तर स्क्रू पिळू नका, केबल आखूड किंवा जाड करा.