चिपचे ब्लॉक जोडताना टूलची व्हर्जनं कशी सांभाळावी

मोठी चिप कोणी एका दमात तपासत नाही. प्रोसेसर, मेमरी कंट्रोलर, यूएसबी असे ब्लॉक वेगवेगळ्या टीम तपासतात आणि शेवटी टॉपवाला ते जोडून अख्खी चिप तपासतो. टॉपच्या रनमध्ये प्रत्येक ब्लॉकचं पोट उघडत बसलं तर मशीनची मेमरी पुरत नाही. म्हणून ब्लॉकच्या जागी, त्याचं फक्त बाहेरचं वागणं सांगणारं छोटं ॲबस्ट्रॅक्ट मॉडेल बसवतात. एका ब्लॉकचं मॉडेल दोन वर्षांपूर्वीच्या टूलने काढलेलं, दुसऱ्याचं गेल्या महिन्यातल्या, आणि टॉपवाला तिसऱ्याच व्हर्जनवर. भांडणं इथून सुरू होतात.

मी जुळे सोलापुरात घरी बसून हेच काम करतो. संध्याकाळी इंजिनिअरिंगची पोरं प्रोजेक्ट घेऊन येतात. त्यांना कुणीतरी आधीच सांगितलेलं असतं, "लेटेस्ट टाक बे, सगळं चालतंय." नाही चालत.

आधी यादी करा: सिम्युलेटर, लिंट (कोडमधल्या ढोबळ चुका पकडणारं), सीडीसी (क्लॉक बदलणारे सिग्नल तपासणारं), वेव्हफॉर्म बघायचं टूल, यूव्हीएम (टेस्टबेंच, म्हणजे तपासणीचा कोड, लिहायची लायब्ररी), जीसीसी (सीचा कंपाइलर), पायथन. प्रत्येकाचा पूर्ण नंबर, पॅचसकट. ही फाइल डिझाइनसोबत गिटमध्येच ठेवा. एक्सेलमधली यादी आठवड्यात शिळी होते.

सेटअप स्क्रिप्टमध्ये कुठे 'लेटेस्ट' किंवा 'डीफॉल्ट' अशी लिंक असेल तर आजच काढा. ॲडमिन रात्री ती लिंक बदलतो आणि सकाळी तुम्ही आरटीएलमध्ये, म्हणजे डिझाइनच्या कोडमध्ये, नसलेला बग शोधत बसता.

यूव्हीएमचं एकच सांगतो. १.१डी, १.२ आणि आयईईई १८००.२ ही तीन वेगळी माणसं आहेत, एका सिम्युलेशनमध्ये त्यातलं एकच बसतं. कुठलं, ते टॉपवाल्याने पहिल्या दिवशी ठरवावं आणि ब्लॉकवाल्यांनी त्यावर एकदा तरी कंपाइल करून दाखवावं.

आता खरं दुखणं, ॲबस्ट्रॅक्ट मॉडेलचं. यात मी स्वतः पोळलोय.

एका प्रोजेक्टवर मी टॉपचं सीडीसी बघत होतो, म्हणजे एका क्लॉकवरून दुसऱ्या क्लॉकवर जाणारे सिग्नल नीट सिंक्रोनाइझ झालेत की नाही ते. सहा ब्लॉकची मॉडेलं आली. मी रन टाकला आणि रिपोर्ट एकदम स्वच्छ आला. एवढा स्वच्छ रिपोर्ट बघून खरं तर घाम फुटायला हवा होता, मी मात्र मेल टाकून जेवायला बसलो. तिसऱ्या दिवशी एका ब्लॉकवालीने फोन करून विचारलं, "सर, आमच्या ब्लॉकचं एकही क्रॉसिंग तुमच्या रिपोर्टमध्ये कसं नाही?" लॉग उघडला. हजारो ओळींत एक वॉर्निंग होती: मॉडेल वाचता आलं नाही, ब्लॉक ब्लॅकबॉक्स धरला आहे. तिच्या टीमने टूल माझ्या आधी अपग्रेड केलं होतं आणि माझ्या जुन्या टूलला नव्या मॉडेलची भाषा कळत नव्हती. आतलं काहीच दिसत नसल्यामुळे टूलला चूकही सापडत नव्हती. एरर आली असती तर पाच मिनिटांत कळलं असतं. वॉर्निंगने माझ्या चार रात्री खाल्ल्या, त्याही मे महिन्यातल्या.

तेव्हापासून माझा नियम असा की ब्लॉककडून तयार मॉडेल घ्यायचंच नाही. आरटीएल, कन्स्ट्रेंट (क्लॉकची माहिती वगैरे) आणि वेव्हर फाइल (टूलचे कुठले मेसेज बघून माफ केलेत त्याची) घ्यायची आणि मॉडेल टॉपच्या व्हर्जनने आपण काढायचं. "वेळ जातो" म्हणून लोक कुरकुरतात. जाऊ दे. बाहेरून घेतलेल्या आयपीचा, म्हणजे तयार ब्लॉकचा, आरटीएल मिळतच नसेल, तर ज्या व्हर्जनने मॉडेल काढलं तिचा नंबर लेखी मागा आणि टॉपचं टूल त्याच्या मागे राहू देऊ नका. नवं टूल जुनं मॉडेल बहुतेक वेळा वाचतं, जुन्या टूलने नवं वाचावं ही अपेक्षाच चूक.

मॉडेल काढलं की तीन आकडे ब्लॉकच्या रिपोर्टशी ताडून बघा: क्लॉक किती, क्रॉसिंग किती, वेव्हर किती लागले. तिन्ही जुळल्याशिवाय टॉपचा रन टाकू नका. ब्लॅकबॉक्सची वॉर्निंग स्क्रिप्टमध्ये एररच करून टाका. मुद्दाम ब्लॅकबॉक्स केलेल्या ब्लॉकची वेगळी यादी असू द्या.

वेव्हरची गोष्ट निराळी. नव्या व्हर्जनमध्ये नियमाचं नाव बदललं की जुना वेव्हर लागत नाही आणि शेकडो मेसेज परत येतात. त्रास होतो, पण दिसतो तरी. तारांकन टाकून लिहिलेला सैल वेव्हर मात्र नव्या नियमाचे खरे मेसेजही गिळतो. ब्लॉकवाल्याने असा वेव्हर पाठवला तर मी फाइल परत पाठवतो, ओळख कितीही जुनी असो. आणि आरटीएलमधल्या जनरेट ब्लॉकना (लूप किंवा अट लावून हार्डवेअर बनवणाऱ्या कोडच्या तुकड्यांना) नावं द्या. नाव नसलं की टूल आपल्या मनाने ठेवतं, आणि पाथवर बांधलेले वेव्हर अपग्रेडनंतर अधांतरी लटकतात.

कव्हरेज (डिझाइन किती तपासून झालं त्याचा हिशोब) एकत्र करताना सगळ्यांत नव्या व्हर्जनचं मर्ज टूल वापरा. सी कोड जोडलेला असेल तर सिम्युलेटरसोबत आलेल्या जीसीसीनेच तो परत कंपाइल करा. लायसन्स डेमन (लायसन्स वाटणारा प्रोग्रॅम) टूलपेक्षा जुना नको.

घरी शिकणाऱ्यांना हाच धडा व्हेरिलेटर या मोफत सिम्युलेटरवर फुकटात मिळतो. उबंटू २२.०४ वर ॲप्टने ४.०३८ येतो. ही जुनी मालिका कोडमधला डिले ('इतका वेळ थांब' ही सूचना) नुसती वॉर्निंग देऊन सोडून द्यायची. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या ५ पासून, कोडमध्ये डिले असेल तर टायमिंग हवं की नको ते तुम्हाला सांगावंच लागतं. हवं म्हटलं तर कंपाइलरही कोरुटीन (मध्येच थांबून पुढे चालू होणारं फंक्शन) जाणणारा, म्हणजे जीसीसी १० किंवा पुढचा लागतो. तोच टेस्टबेंच दोन्हींवर चालवून बघा. मित्राच्या लॅपटॉपवर पास आणि आपल्यावर नापास का, हा प्रश्न पुन्हा पडणार नाही.

अपग्रेड करायचंच असेल तर तोच कोड आठवडाभर जुन्या-नव्या दोन्हींवर चालवा आणि प्रत्येक फरकाचं कारण लिहून ठेवा. फ्रीझ झालेल्या, म्हणजे बदल बंद केलेल्या, ब्लॉकच्या टीमवर अपग्रेड लादू नका. टॉप त्याचं मॉडेल स्वतः काढतोय, मग तिची व्हर्जन काही का असेना. आणि टेपआउट झालं, म्हणजे डिझाइन कारखान्यात गेलं, म्हणून डिस्कवर जागा करायला जुनं इन्स्टॉलेशन पुसू नका. सहा महिन्यांनी मेटलमध्ये (चिपच्या धातूच्या थरांत) दुरुस्ती करायची वेळ आली की पहिल्यांदा तेच शोधावं लागतं.