जुना फ्लॅट घेतल्यावर आधी काय दुरुस्त करावे?

किल्ल्या हाती आल्या की बहुतेकांच्या मनात रंगाच्या छटा घोळू लागतात. प्रत्यक्षात रंग सर्वांत शेवटी यायला हवा. पहिला मान पाण्याचा. शक्य असल्यास घर एकदा भर पावसात पाहावे, कारण खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातले फुगलेले प्लास्टर आणि त्यावरची मिठासारखी पांढरी भुकटी उन्हाळ्यात नव्या रंगाखाली सहज दडते. बाथरूमच्या जाळीत चिंधीचा बोळा घट्ट बसवून जमिनीवर दोन इंच पाणी चोवीस तास साठवावे आणि खालच्या शेजाऱ्यांना छत पाहू देण्याची विनंती करावी. ओल उतरली, तर टाइल्स काढून वॉटरप्रूफिंग नव्याने करणे भाग आहे. गच्चीतून किंवा बाहेरच्या सामायिक पाइपमधून होणारी गळती मात्र सोसायटीने दुरुस्त करायची असते, तेव्हा तिथे लेखी अर्ज द्यावा, स्वतःचा खिसा हलका करू नये.

त्यानंतर वीज. परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) नसल्यास बसवावा आणि गीझर व एसीसाठी स्वतंत्र जाड वायर ओढावी. भिंती फोडायच्याच आहेत, तर गंजलेले जीआय (जस्ताचा थर दिलेले लोखंडी) पाइपही त्याच वेळी बदलून सीपीव्हीसीचे (गरम पाणीही सोसणाऱ्या प्लास्टिकचे) घालावेत, म्हणजे तोडफोड एकदाच होते.

फर्निचर निवांत करता येते. स्वयंपाकघरात दोन-तीन महिने वावरल्यावरच ओटा कुठे अडतो ते नीट कळते.