दडपणाखालचे गोल्फ: सही, सुई आणि काठोकाठ भरलेला पेला

कुणी समोर उभे राहून "सही जुळत नाही, पुन्हा करा" असे म्हटले, की वर्षानुवर्षे सहज केलेली आपलीच सही हाताला परकी वाटू लागते आणि एकेक अक्षर जितके जपून काढावे तितकी ती अधिक बिघडते. गोल्फमध्ये अखेरच्या होलवर (खेळाच्या शेवटच्या टप्प्यावर) चार फुटांचा पट, म्हणजे चेंडू हलकेच घरंगळवत खळग्यात (त्यालाही होलच म्हणतात) घालण्याचा फटका, पुष्कळदा याच कारणाने हुकतो. सरावाने हातात बसलेली हालचाल मन तुकड्यातुकड्याने तपासू लागले की तिची लय मोडते. म्हणून ऐन वेळी मनगट, कोपर आणि खांदा यांची उजळणी मुळीच करू नये.

मनाला काम द्यायचेच तर ते शरीराबाहेरचे द्यावे. सुईत दोरा ओवताना आपण बोटांकडे पाहत नाही, नेढ्याकडे पाहतो. तसेच चेंडू होलच्या कोणत्या बाजूने आत शिरणार ते आधी ठरवावे, मग चेंडूवरच्या एका ठिपक्यावर नजर स्थिर करावी आणि चेंडू निघून गेल्यावरही ती क्षणभर त्याच जागी राहू द्यावी. घाबरलेल्या डोळ्यांना होल आकसल्यासारखा वाटतो, परंतु तो 108 मिलिमीटर रुंद असतो आणि चेंडूचा व्यास जेमतेम 43 मिलिमीटर असतो, म्हणजे दोन चेंडू शेजारी शेजारी ठेवले तरी जागा उरते.

काठोकाठ भरलेला पेला घट्ट आवळून नेला की हमखास सांडतो. दडपणाखाली स्नायू ताठरतात, क्लबवरची (चेंडू मारण्याच्या काठीवरची) पकड नकळत आवळली जाते, मनगटे मोकळी फिरत नाहीत आणि उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू बहुधा उजवीकडे भरकटतो. चेंडूपाशी उभे राहण्यापूर्वी चार आकडे मोजत श्वास घ्यावा, सहा मोजत सोडावा आणि उच्छ्वासाबरोबर बोटे किंचित सैल करावीत.

घराबाहेर पडताना दिवे, खिडक्या, किल्ली, कुलूप हा क्रम ठरलेला असला की घाईतही काही राहून जात नाही. फटक्यापूर्वीचा क्रमही असाच असावा: चेंडूमागून रेषा पाहणे, एक सराव स्विंग, लक्ष्याकडे एक नजर आणि फटका. 2019 पासूनच्या नियमांत एका फटक्यासाठी 40 सेकंदांहून अधिक वेळ घेऊ नये अशी शिफारस आहे, तेव्हा हा क्रम सरावातच घड्याळ लावून त्यात बसवावा.

निर्णय मात्र मैदानावर येण्यापूर्वीच झालेले बरे, कारण भुकेल्या पोटी बाजारात गेलेला माणूस यादी नसेल तर भलतेच घेऊन येतो. 1999 च्या ओपन स्पर्धेत स्कॉटलंडमधील कार्नूस्टी येथे फ्रेंच खेळाडू जाँ व्हान द वेल्ड अखेरच्या होलवर तीन फटक्यांची आघाडी घेऊन आला होता. सहा फटक्यांत होल संपवला असता तरी विजेतेपद त्याचे होते. त्याने टीवर, म्हणजे होलच्या सुरुवातीच्या जागी, सर्वांत लांब मारणारा पण जोखमीचा क्लब, ड्रायव्हर, काढला, दुसरा फटका प्रेक्षकांच्या मंचावर आदळून दाट गवतात परतला, पुढचा ओढ्यात गेला, सात फटके झाले, बरोबरी झाली आणि ती सोडवण्यासाठीच्या प्लेऑफमध्ये पॉल लॉरी जिंकला. मंचावरून चेंडू असा उलटणे हे दुर्दैवच, आणि त्याला हसणे मला अन्यायाचे वाटते; पण कोणत्या होलवर कोणता क्लब वापरायचा आणि आघाडी असताना कोणता वापरायचा नाही, हे गुण लिहायच्या कार्डाच्या मागे आदल्या रात्री लिहून ठेवावे.

फटका बिघडलाच, तर दूध उतू गेल्यावर आपण जे करतो तेच करावे: आधी गॅस बंद, पुसापुशी नंतर. चेंडू झाडीत असेल तर फटींतून ग्रीन (होलभोवतीची गुळगुळीत हिरवळ) गाठण्याचा मोह सोडून तो आडवा फेअरवेवर (मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) काढावा आणि चूक कशी झाली याचा विचार राउंड संपल्यावर करावा.

या सगळ्याचा सराव करायचा तर दडपण मुद्दाम निर्माण करावे लागते. तीन फुटांवरून सलग दहा पट घालावेत आणि एक जरी चुकला तरी पुन्हा पहिल्यापासून मोजावे. पहिले सहा-सात पट बहुधा जमून जातात. मी हे प्रथम केले तेव्हा नवव्या पटाला तळहात घामेजले आणि त्या संध्याकाळी दहाचा आकडा काही गाठता आला नाही. आता नववा आला की मी पटर (पट मारायचा क्लब) खाली ठेवतो, हात पुसतो आणि चेंडूमागे जाऊन रेषा पुन्हा पाहतो.