चाकांचा वॉकर वापरताना पडणं कसं टाळावं

आईला चार चाकांचा वॉकर आणला आणि मी निर्धास्त झाले. आठवडाभरातच ती त्याच्या सीटवर बसायला गेली. ब्रेक लावायचा राहिला होता. वॉकर मागे सटकला आणि ती दाणकन फरशीवर बसली. मुका मारावर निभावलं, हाड वाचलं. चालताना मात्र ती एकदाही पडली नव्हती.

अमेरिकेतल्या २००१ ते २००६ च्या नोंदी सांगतात, की काठी किंवा वॉकर वापरताना पडल्यामुळे पासष्टीपुढचे सुमारे ४७ हजार लोक दरवर्षी तिथल्या तातडीच्या विभागात येत. त्यांत दहापैकी जवळजवळ नऊ जण वॉकरवाले.

आधी वॉकर योग्य आहे का ते बघा. ज्यांना हातांवर बराच भार टाकून चालावं लागतं, त्यांच्यासाठी चार चाकांचा वॉकर नको. भार पडला की तो पुढे पळतो. त्यांना पुढे दोनच चाकं असलेला किंवा बिनचाकांचा बरा. हा निर्णय फिजिओथेरपिस्टला विचारूनच घ्या. शेजाऱ्यांकडे पडून असलेला आयता आणू नका.

उंची लावा. रोजच्या चपला किंवा बूट घालून ताठ उभं राहायचं, हात सैल सोडायचे. मनगटाच्या घडीपाशी वॉकरची मूठ, म्हणजे हँडल, यायला हवी. मूठ धरल्यावर कोपर किंचित, १५ ते ३० अंश, वाकलेलं असावं. मूठ खाली असेल तर माणूस पोक काढून चालतो आणि तोल पुढे जातो.

ब्रेक रोज तपासा. मुठीखालची पट्टी वर ओढून धरली की वेग कमी होतो. खाली दाबली की खट्‌कन आवाज येऊन चाकं अडकतात. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या खाली दाबून वॉकर ढकलून बघा. चाक जरा जरी फिरलं तरी केबल घट्ट करून घेईपर्यंत तो वापरायचा नाही.

बसणं-उठणं शिकवा. माझ्या मते खरी मेहनत इथे घ्यावी. खुर्चीपाशी आल्यावर छोटी पावलं टाकत वळायचं, पोटऱ्यांना खुर्ची लागेपर्यंत मागे सरकायचं, दोन्ही ब्रेक लावायचे, मग एकेक हात खुर्चीच्या हातावर नेऊन सावकाश टेकायचं. उठताना वॉकर धरून स्वतःला ओढायचं नाही. खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उभं राहायचं, क्षणभर थांबायचं आणि मगच मूठ धरायची. वॉकरच्या सीटवर बसताना मात्र आधी दोन्ही ब्रेक लावायचे, मगच वळायचं आणि पोटऱ्यांना सीट लागल्यावर सावकाश टेकायचं. त्या सीटवर कुणी बसलेलं असताना वॉकर ढकलत नेऊ नका. ती व्हीलचेअर नव्हे. आईकडून मी हे रोज दहादा करून घेतलं. ती कंटाळली, चिडलीसुद्धा, पण आता ब्रेककडे हात आपोआप जातो.

चालताना शरीर मागच्या दोन चाकांच्या मध्ये हवं. वॉकर पुढे आणि पाय मागे राहिले की धोका. वळताना कंबरेतून पिळू नये, वॉकरसकट थोडं थोडं वळावं. उतारावर ब्रेक हलके धरून ठेवावेत. जिन्यावर वॉकर न्यायचाच नाही.

घरातली सुटी पायपुसणी, आडव्या वायरी आणि ओली फरशी यांचा आजच बंदोबस्त करा. रात्री बाथरूमच्या वाटेवर दिवा ठेवा. मुठींना पिशव्या अडकवू नका, वॉकर कलंडतो. सामान सीटखालच्या टोपलीत.

इतकं करूनही कुणी पडलंच, तर घाईने ओढून उठवू नका. आधी दुखतं कुठे ते विचारा. पाय हलवता येत नसेल किंवा कंबर, मांडी खूप दुखत असेल, तर आहे तसं राहू द्या आणि रुग्णवाहिका बोलवा. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील, तर "मला काही झालं नाही" हे ऐकू नका. मेंदूतला रक्तस्राव कधीकधी उशिरा लक्षात येतो, म्हणून लगेच रुग्णालयात न्या आणि गोळ्यांची यादी सोबत घ्या.