पूल टेबलावरचा दिवा : निवड आणि टांगणी

घरी पूल टेबल आणताना स्लेट (टेबलाची दगडी पाटी), कापड आणि क्यू (बॉल मारायची काठी) यांची चौकशी बारकाईने होते. दिव्याचा विचार मात्र बहुधा शेवटी होतो. माझ्या टेबलावर पहिली दोन वर्षे मधोमध एकच मोठा, प्रखर दिवा होता. मधल्या भागात उजेड भरपूर असल्याने त्यात काही उणे आहे असे कधी वाटले नाही. कोपऱ्यातल्या पॉकेटजवळचे पातळ कट (बॉलच्या कडेला जेमतेम स्पर्श करणारे शॉट) मात्र सारखे चुकत, आणि दोष मी हाताला देत राहिलो. एकदा कोपऱ्यातल्या बॉलपाशी वाकून नीट पाहिले तेव्हा कारण उमगले. बॉलची दिव्याकडची बाजू लख्ख उजळलेली होती, पलीकडची बाजू काळवंडून स्वतःच्याच सावलीत मिसळली होती, आणि बॉलची खरी कड कुठे संपते तेच कळत नव्हते. पातळ कट मारताना नेम धरायचा असतो तो नेमका त्याच कडेवर.

म्हणून दिवा पारखताना कोपऱ्यात किती उजेड पोहोचतो ते आधी पाहावे. आठ फुटी टेबलाचे खेळण्याचे क्षेत्र साधारण २२४ × ११२ सेंटिमीटर असते, म्हणजे मध्यापासून कोपरा सुमारे १२५ सेंटिमीटरवर येतो. मध्यावर ९० सेंटिमीटर उंचीवर सगळीकडे सारखा उजेड फेकणारा एकच बल्ब टांगला, तर कोपऱ्याचे अंतर वाढलेले असते, किरणही तिरपे पडतात, आणि दोन्हींचा परिणाम मिळून कोपऱ्यात मध्याच्या पाचव्या हिश्शाइतकाच उजेड उरतो. अधिक वॉटचा बल्ब लावला तरी हे प्रमाण तसेच राहते, मध्यभाग तेवढा अधिक झगमगतो. उजेडाचा उगमच टेबलाच्या लांबीभर पसरवावा लागतो.

वर्ल्ड पूल-बिलियर्ड असोसिएशनच्या साहित्यविषयक नियमांत टेबलाच्या पृष्ठभागावर आणि कडांवर, प्रत्येक ठिकाणी, किमान ५२० लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचे माप) प्रकाश असावा असे म्हटले आहे. मध्यभागी कडांपेक्षा ठळकपणे जास्त उजेड पडू नये, अशीही सूचना आहे. घरासाठी हा आकडा चांगला आधार ठरतो. कडांसह आठ फुटी टेबलाचे क्षेत्रफळ अंदाजे साडेतीन चौरस मीटर धरले, तर पृष्ठभागावर सुमारे १८०० ल्युमेन (एकूण उजेडाचे माप) पोहोचायला हवेत. शेडमध्ये, दिव्यासमोरच्या पांढऱ्या पडद्यात आणि टेबलाबाहेर निम्मा उजेड जातो असे मानले, तर साडेतीन ते चार हजार ल्युमेनचा दिवा घ्यावा. थोडा जास्त घेऊन डिमर लावणे अधिक सोयीचे, कारण एलईडीचा उजेड वर्षांगणिक मंदावतो. डिमर त्या दिव्याच्या ड्रायव्हरशी (एलईडीला वीज पुरवणाऱ्या भागाशी) जुळणारा असल्याची खात्री मात्र आधीच करावी. जोडी जुळली नाही, तर दिवा मंद केल्यावर लुकलुकतो आणि तासाभराच्या खेळात डोळे थकतात.

बाजारात तीन प्रकार प्रामुख्याने दिसतात. एका दांड्यावर ओळीने तीन शेड असलेला पारंपरिक दिवा दिसायला देखणा असतो, परंतु बल्बगणिक एक अशा तीन सावल्या बॉलभोवती उमटतात. बल्ब दुधी आणि आकाराने मोठे असतील तर त्या पुष्कळ सौम्य होतात. सलग लांब पट्टीचा दिवा लांबीच्या दिशेने समान उजेड देतो, आणि खर्च व सोय यांचा मेळ घातला तर बहुतेक घरांना तोच पुरेसा आहे. तिसरा प्रकार म्हणजे मध्ये मोकळी आणि चारही बाजूंनी प्रकाशणारी आयताकृती चौकट. प्रत्येक बॉलवर चहूबाजूंनी उजेड पडत असल्यामुळे सावल्या एकमेकींना पुसून टाकतात. खोली केवळ खेळासाठी असेल, तर मी निःसंकोचपणे ही चौकट सुचवीन. आठ फुटी टेबलावर पट्टी किंवा तीन शेडचा दांडा १४० ते १५० सेंटिमीटर लांब असावा, म्हणजे त्याची दोन्ही टोके आखूड बाजूच्या कुशनपासून (रबरी काठापासून) चाळीसेक सेंटिमीटरवर येतात.

एलईडीचे उघडे ठिपके दिसणारा दिवा कधीही घेऊ नये. गुळगुळीत बॉलवर त्या प्रत्येक ठिपक्याचे चकाकते प्रतिबिंब पडते आणि नजर बॉलऐवजी त्या चकाकीवर खिळते. समोर दुधी ॲक्रिलिकचा पडदा असावा, आणि उभ्या खेळाडूच्या डोळ्यांत थेट उजेड शिरणार नाही इतकी शेडची कड खाली उतरलेली असावी.

रंगांसाठी ४००० केल्विनच्या (उजेडाच्या रंगछटेचे माप) आसपासचा पांढरा उजेड आणि ९० किंवा त्याहून अधिक सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचा निर्देशांक) असलेला दिवा निवडावा. खरेदीपूर्वी शक्य असल्यास त्या उजेडात तांबडा ३ आणि लालसर तपकिरी ७, तसेच जांभळा ४ आणि काळा ८ अशा बॉलच्या जोड्या कापडावर ठेवून दुसऱ्या टोकाहून पाहाव्यात. हलक्या प्रतीच्या दिव्याखाली या जोड्या चटकन वेगळ्या ओळखू येत नाहीत.

उंचीबाबत मतभेद पुष्कळ आहेत. स्पर्धांच्या नियमांनुसार बाजूला सरकवता येणारा दिवा टेबलाच्या पृष्ठभागापासून किमान १.०१६ मीटर आणि न सरकणारा किमान १.६५ मीटर उंच असावा लागतो. घरच्या छताखाली हे दुसरे माप क्वचितच बसते, आणि तेवढ्या उंचीवरून येणारा उजेड घरगुती शेडला आवरतही नाही. घरी दिव्याची खालची कड कापडापासून ८० ते ९० सेंटिमीटरवर ठेवावी. त्याहून खाली आणल्यास वाकताना डोके लागते, आणि क्यूची मूठ उंच धरून मारायच्या शॉटला क्यू शेडवर आपटतो. भोके पाडण्याआधी दिव्याच्याच मापाचा पुठ्ठा दोरीने टांगून दोन दिवस खेळून पाहावे. या साध्या खटाटोपाने माझी उंची सात सेंटिमीटरने बदलली.

टेबल कायमच्या जागी बसवून, पाणसळ लावून समतल केल्यावरच छतावर खुणा कराव्यात. भिंतीपासून मापे घेण्याचा मोह टाळावा, कारण टेबल भिंतींना क्वचितच अचूक समांतर असते. दोन्ही आखूड कडांचे मध्य काढून त्यांच्यामध्ये दोरी ताणावी, समोरासमोरच्या कोपऱ्यांतून दोन तिरप्या दोऱ्या ताणून टेबलाचा मध्य ठरवावा, आणि त्या मध्यापासून दिवा टांगायच्या दोन आकड्यांमधल्या (हुकांमधल्या) अंतराच्या निम्मे माप लांबीच्या दोरीवर दोन्हीकडे टाकावे. मग छतावरून ओळंबा सोडून त्याचे टोक त्या खुणेवर स्थिर झाले की वर पेन्सिलने खूण करावी. दोन्ही आकड्यांसाठी ओळंबा स्वतंत्रपणे सोडावा.

काँक्रीटच्या स्लॅबमध्ये अँकर फास्टनर बसवावेत, आणि लाकडी छत असेल तर आकडा तुळईतच फिरवावा. तुळई नेमक्या खुणेवर नसल्यास दोन तुळयांवर आडवी फळी पक्की करून तिच्यात आकडा घालावा. सोयीसाठी खूण सरकवू नये. फॉल्स सीलिंगवर भार कधीही टाकू नये, त्यातून आरपार जाऊन वरच्या स्लॅबलाच आधार घ्यावा. प्रत्येक आकडा एकट्याने संपूर्ण दिव्याच्या वजनाच्या चौपट भार पेलेल असा असावा. दिवा साखळीवर टांगावा आणि वायर सैल ठेवावी, म्हणजे वजनाचा ताण जोडणीवर येत नाही. जोडणीपूर्वी त्या सर्किटचा एमसीबी बंद करून टेस्टरने वायर तपासावी. धातूच्या दिव्याला अर्थिंग द्यावेच, आणि या कामाचा सराव नसेल तर ते इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावे. जवळ पंखा असल्यास त्याच्या वाऱ्याने दिवा झुलतो आणि त्याबरोबर सगळ्या सावल्याही हलतात. अशा ठिकाणी साखळीऐवजी ताठ नळ्या वापराव्यात.

शेवटी खोलीतले बाकीचे दिवे बंद करून सहाही पॉकेटांच्या तोंडाशी आणि मध्यावर लक्स मीटर ठेवून आकडे लिहून घ्यावेत. मोबाइलवरचे मीटर अचूक नसले, तरी दोन जागांमधला फरक दाखवायला ते पुरते. कोपरे फार मागे पडत असतील, तर दोन्ही साखळ्यांची एकेक कडी कमी करून दिवा वर घ्यावा आणि पुन्हा मोजावे. नंतर खोलीतले दिवे एकेक करून लावावेत. टेबलाच्या बाहेरच्या बाजूने येणारा उजेड कुशनची सावली कापडावर पाडतो, आणि खेळाडूच्या पाठीमागचा दिवा त्याची स्वतःची सावली शॉटवर टाकतो. असा त्रास देणारा दिवा सापडला, तर त्याला वेगळा स्विच द्यावा किंवा त्याचे तोंड भिंतीकडे वळवावे. खोली पूर्ण अंधारी मात्र ठेवू नये, कारण उजळ कापडावरून काळोखात आणि पुन्हा कापडावर अशी नजर फिरत राहिली की डोळ्यांवर ताण येतो.